गवताखाली काय आहे

श्रावण संपत आला की कोकणातल्या बागांमध्ये गवत कमरेला लागतं. कलमांची आळी दिसेनाशी होतात, काजूच्या बुंध्यापर्यंत वाट उरत नाही, गडग्याच्या कडेने रानमोडी आणि घाणेरी माजते. पूर्वी याला एकच उपाय होता. विळे-कोयत्या घेतलेली पाच-सात माणसं ओळीने पुढे सरकायची. आता त्यांच्या जागी एकच माणूस येतो. त्याच्या खांद्याला पट्टा, पट्ट्याला अडकवलेला दांडा, दांड्याच्या मागच्या टोकाला छोटं पेट्रोल इंजिन आणि पुढच्या टोकाला फिरणारं पातं. दुकानाच्या बिलावर त्याला ब्रश कटर म्हणतात, वाडीत सगळे ग्रास कटर म्हणतात. माणसं मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत, त्यामुळे हे यंत्र आलं ते राहायलाच आलं. त्याबद्दल हळहळण्याचं मला कारण दिसत नाही. दिवसभर वाकून गवत कापण्यात रम्य असं काही नव्हतं. ते रम्य होतं असं कधी न वाकलेल्यांनाच वाटतं.

मात्र या बदलात एक गोष्ट हातातून गेली आणि ती गेल्याचं फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. हत्याराकडून हाताला मिळणारी खबर गेली.

कोयती चालवणाऱ्याला प्रत्येक घावागणिक काहीतरी कळत असतं. गवत कोवळं आहे की जून, हे मनगटाला समजतं. मध्येच लाकडी खुंट आला तर घाव अडतो. कोयती दगडावर बसली तर खण्णकन आवाज होतो, हाताला झिणझिण्या येतात, आणि माणूस एखादी शिवी हासडून थांबतो. त्याचे डोळे गवतापासून दोन हातांवर असतात, कान मोकळे असतात. पाचोळ्यात काही सरपटलं तर ऐकू येतं. गांधीलमाश्यांचं घोंघावणं पोळं दिसायच्या आधी कानावर पडतं. शिवाय घावामागचा जोर त्याच्याच दंडाचा. जेवढा त्याने लावला तेवढंच नुकसान होणार, आणि झालंच तर ते बहुतेक त्याच्याच बोटाचं किंवा नडगीचं. दहा हातांवर काम करणाऱ्या सोबत्याला त्या कोयतीची भीती नसते.

ग्रास कटरची दोरी ओढली आणि इंजिन धरलं, की या खबरा एकेक करून बंद होतात.

आधी कान जातात. चालवणाऱ्याच्या कानाशी या यंत्राचा आवाज 95 ते 100 डेसिबलच्या घरात असतो. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संस्थेचा दंडक असा की 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसावा, आणि पुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा करावा. हिशोब करत गेलं तर 97 डेसिबलला अर्धा तास उरतो. आपल्याकडे तर माणूस सकाळी आठला सुरू करतो तो जेवणापर्यंत. म्हणून कानात बोळे किंवा कानावर मफ हवेतच. पण ते घातले की जी थोडीफार हाक कानावर आली असती तीही येत नाही. कान वाचवायचे तर काही काळ बहिरं व्हावं लागतं, असा हा व्यवहार आहे, आणि तो पत्करण्यावाचून इलाज नाही.

मग हात. इंजिनाची थरथर दांड्यातून सतत हातात येत असते, आणि सतत येणाऱ्या थरथरीत वेगळं काही जाणवत नाही. खडा लागला, तार लागली, जून फांदी लागली, सगळं त्या एकाच थरथरीत बुडून जातं. त्यातून हात बधिर होतात ते निराळंच. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड गावी हवेच्या दाबाच्या हातोड्यांनी चुनखडीचा दगड घडवणाऱ्या कामगारांची बोटं पांढरी आणि बधिर पडतात, हे डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी 1918 साली तपासून लिहून ठेवलं. तिकडे थंडी जास्त, त्यामुळे बोटं पांढरी पडलेली चटकन दिसतात. आपल्या उष्ण हवेत रंग बदलला नाही तरी रात्री हाताला मुंग्या येतात, सकाळी चहाचा कप धरताना बोटांत जोर नसतो. माणूस म्हणतो, काल फार काम झालं. त्याला ते श्रमाचं वाटतं.

नजरेचं काय होतं हे जरा सावकाश पाहायला हवं, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथे आहे. पातं थांबलेलं असताना त्याचे तीन दात लख्ख दिसतात आणि त्यांची भीतीही वाटते. रेस दिली की दात दिसेनासे होतात, त्या जागी धुरकट चकती उरते, आणि भीतीही तिच्याबरोबर विरळ होते. प्रत्यक्षात तिथे काय चाललं आहे ते कागदावर काढून बघावं. दहा इंची पातं, म्हणजे साधारण 25 सेंटिमीटर व्यासाचं. मिनिटाला 7000 फेरे धरा, जे या यंत्रांसाठी नेहमीचे आहेत. पात्याचं टोक सेकंदाला सुमारे 93 मीटर जातं. ताशी 335 किलोमीटर. 2003 च्या विश्वचषकात शोएब अख्तरने टाकलेला चेंडू ताशी 161.3 किलोमीटरचा होता. पात्याचं टोक त्याच्या दुपटीहून वर आहे, आणि ते जमिनीपासून वीतभर उंचीवर, जांभ्याच्या खड्यांमधून फिरतं आहे. खडा तेवढ्याच वेगाने उडेल असं नाही. निम्म्याने उडाला तरी तो अख्तरच्या चेंडूइतका झाला, आणि या चेंडूला टोकं असतात.

राहिला जोर. तो आता दंडाचा नाही. माणूस दमला, घाबरला, त्याने हात सैल सोडला तरी पात्यातला जोर कमी होत नाही. रेस सोडल्यावरही ते काही सेकंद नुसत्या गतीने फिरत राहतं. कोयती हवेत मध्येच थांबवता येते. याला थांबायला वेळ लागतो, आणि त्या अवधीत माणूस सवयीने पुढे वाकून अडकलेलं गवत ओढायला जातो.

यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत पंचवीस-तीस सूचना असतात. त्या वाचून माणूस कंटाळतो, कारण सगळ्या सारख्याच वजनाने छापलेल्या असतात आणि एकीचा दुसरीशी संबंध दिसत नाही. मला त्या एकाच गोष्टीची वेगवेगळी रूपं वाटतात. चालू यंत्र जी खबर देत नाही ती सुरू करण्याआधी मिळवून ठेवायची. आणि जी आधी मिळवणं शक्यच नाही तिच्यासाठी अंतर सोडायचं. हे एकदा लक्षात आलं की सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. नव्या जागी, पुस्तिकेत नसलेल्या अडचणीतही माणूस बरोबर वागतो.

आधी मिळवायच्या खबरेत पहिली जमिनीची. यंत्र घराच्या पडवीत ठेवून, हातात काठी घेऊन तो तुकडा एकदा चालून यायचा. काय सापडतं, ते बागेवर अवलंबून असतं. जांभ्याचे सुटे खडे तर सगळीकडेच. गडग्याजवळ फुटक्या बाटल्यांची काच, घरामागे फुटक्या मंगलोरी कौलांचा ढीग, ठिबकच्या नळ्या, पंपाचा पाइप, मोटारीच्या अर्थिंगची तार. गेल्या वर्षी तिरपी तोडलेली रानमोडी वाळून तिचे खुंट टोकदार होऊन उभे असतात. सगळ्यात वाईट म्हणजे तार. जुन्या कुंपणाची काटेरी तार, किंवा परांचीच्या बांबूंना बांधलेली बारीक बाइंडिंग तार. दगड उडून जातो. तार मात्र पात्याला गुंडाळली जाते आणि तिचं मोकळं टोक चाबकासारखं फिरतं, किंवा तुटून तुकडा सुटतो. उचलता येईल ते उचलावं. जे उचलता येत नाही, खुंट असो की पाइप, त्याच्याशेजारी एक बांबूची काठी उभी करून तिला फडकं बांधावं. कमरेएवढ्या गवतात फडकं दिसतं, खुंट दिसत नाही.

काठी आणखी एका कामाला येते. कोकणातल्या कातळावर फुरसं असतं, बागेत घोणस असते, आणि ही दोन्ही जनावरं पळण्यापेक्षा दबून राहण्यावर भरवसा ठेवतात. इंजिनाच्या आवाजाने साप निघून जातो अशी समजूत ऐकू येते. तिच्यावर विसंबून चप्पल घालून गवतात उभं राहू नये. गमबूट त्यासाठी. गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर तेही काठीनेच आधी कळतं, आणि कळलं तर तेवढा तुकडा सोडून द्यायला काही कमीपणा नाही.

गवत इतकं दाट असेल की चालूनही जमीन दिसत नाही, तर? तेव्हा कापण्याचीच पद्धत बदलायची. एका फेरीत मुळापासून साफ करण्याचा हट्ट सोडायचा. पहिल्या हाताला गुडघ्याच्या उंचीवरून वरचा भाग उतरवायचा, यंत्र बंद करायचं, कापलेलं बाजूला सारून खाली बघायचं, आणि मग दुसऱ्या हाताला खालपर्यंत जायचं. अर्धा कापून अर्धा बघायचा, असं हे काम. वेळ जास्त लागतो हे खरं आहे, आणि तासावर काम करून घेणाऱ्या मालकाला ते आवडत नाही हेही खरं आहे.

दुसरी खबर यंत्राची स्वतःची. गंमत अशी की हे यंत्र बोलतं, पण बहुतेक बंद असतानाच. पातं काढून हातात लोंबतं धरावं आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारावी. शाबूत पोलाद किणकिणतं. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे असं समजून ते पातं बाद करावं, मग तडा डोळ्यांना दिसो न दिसो. गावातला वेल्डर तडा जोडून देतो, वाकलेलं पातं ऐरणीवर ठोकून सरळही करून देतो. त्याचं कौशल्य कितीही असलं तरी ताशी सव्वातीनशे किलोमीटरने फिरणाऱ्या वस्तूवर जोड चालत नाही. पात्याचा नट बहुतेक यंत्रांवर उलट्या आट्यांचा असतो. नवा माणूस सोडवण्यासाठी नेहमीच्या दिशेने जोर लावतो आणि तो आणखी आवळतो, किंवा बसवताना सैल ठेवतो. एकदा ज्याने यंत्र विकलं त्याच्याकडून हाताने करून घ्यावं. दुकानात लोक लिटरभर पेट्रोलला ऑइल किती, हे दोन-दोनदा विचारून घेतात. नटाबद्दल कुणी विचारत नाही. ऑइल चुकलं तर इंजिन बसतं आणि खर्च येतो, म्हणून ते लक्षात राहतं.

मग इंजिन सुरू करून रेस न देता उभं राहावं. पातं फिरता कामा नये. आतला क्लच ठरावीक वेगानंतरच पात्याला पकडतो. तो वेग येण्याआधीच पातं फिरत असेल तर आयडलिंग चढं आहे किंवा क्लच बिघडला आहे. पडवीत कळली तर ही किरकोळ दुरुस्ती आहे. उतारावर पाय घसरून रेस सुटली तरी पातं फिरतच राहिलं, तेव्हा कळली तर फार उशीर झालेला असतो.

चालू असताना हे यंत्र एकच गोष्ट सांगतं, आणि ती ओळखायला शिकलं पाहिजे. थरथर अचानक बदलते. वाढते, किंवा तिच्यात ठोका येतो. पातं सैल झालं, वाकलं, त्याचा दात गेला, किंवा त्याला काही गुंडाळलं गेलं, यांपैकी काहीतरी झालेलं असतं. ‘एवढी ओळ संपवू आणि बघू’ असं मनात येतं ते त्याच क्षणी. रेस सोडायची, स्विच बंद करायचा, पातं पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं, प्लगची टोपी काढायची आणि मगच हात लावायचा.

आता त्या धुरकट चकतीकडे पुन्हा यावं. ती डोळ्यांना सारखीच दिसते, पण तिचा प्रत्येक भाग वेगळा वागतो. बहुतेक यंत्रांत पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. चकतीवर घड्याळ कल्पा. बारा तुमच्या पुढे, सहा तुमच्याकडे. डावीकडचा दात तुमच्या दिशेने येत असतो, समोरचा डावीकडे जात असतो, उजवीकडचा तुमच्यापासून दूर. म्हणून काप डाव्या बाजूने घ्यायचा, यंत्र उजवीकडून डावीकडे झुलवायचं. कापलेलं गवत आपोआप डावीकडे, आधीच मोकळ्या झालेल्या जागेत पडतं. बारा ते तीन या उजव्या-पुढच्या भागाने खुंटासारखं टणक काही गाठलं, तर दात पुढे जाऊ शकत नाही आणि सगळा जोर उलटा दांड्यात येतो. पातं उजवीकडे आणि मागे, म्हणजे तुमच्या पायांकडे फेकलं जातं. हे इतक्या झटक्यात होतं की त्यावर प्रतिक्रिया देता येईल ही आशा करू नये. सायकलच्या हँडलसारखं रुंद हँडल, किंवा गोल हँडलला लावलेला आडवा दांडा, हा त्यासाठीच असतो: यंत्र उसळलं तरी पातं पायापर्यंत पोचू नये. पट्टा खांद्यावर नीट बसलेला, यंत्र त्याला लटकलेलं आणि एका ओढीत सुटणारं, हेही त्यासाठीच. पट्टा न लावता नुसतं हातात धरून ‘एवढंच राहिलंय’ म्हणत काम करणारे दिसतात. त्या एवढ्याशा कामात उसळी आली तर यंत्राला आवरणारं काही उरत नाही.

याच घड्याळातून गार्डचं कारण कळतं. डावीकडचा दात तुमच्याकडे येतो, तेव्हा त्याला लागलेला खडाही तुमच्याकडे येतो. पात्यामागचं ते प्लॅस्टिकचं आवरण नेमकं त्या वाटेवर बसवलेलं आहे. ओलं गवत त्यात अडकतं म्हणून ते काढून टाकण्याची आपल्याकडे सररास रीत आहे, आणि काही जण तर नवं यंत्र घरी आल्या दिवशीच काढतात. गार्ड अडचण करतो असं म्हणणाऱ्याने पातं कुठल्या बाजूला फिरतं ते एकदा बंद इंजिनावर हाताने फिरवून पाहावं. अडकलेलं गवत मधूनमधून थांबून काढणं हा त्या गार्डचा खर्च आहे, आणि तो फार नाही.

पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावली तर काय फरक पडतो? ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना 1971 साली मोटार धुण्याच्या यंत्राचे फिरणारे ब्रश पाहून ही कल्पना सुचली. त्यांनी पॉपकॉर्नच्या डब्याला मासेमारीची दोरी लावून पहिला नमुना केला. त्या कल्पनेचं शहाणपण दोरीच्या लवचीकपणात आहे. ती खुंटाला लागली की वाकते, झिजते, तुटते. उसळी मारत नाही. घराच्या जोत्याजवळ, गडग्याच्या कडेला, कलमाच्या बुंध्याशी दोरीच बरी, कारण पात्याने साल एकदा गोलाकार सोलली तर कलम वाळतं. पण दोरी म्हणजे निर्धोक असं समजणं चूक आहे. बारीक खडे ती पात्याइतकेच उडवते, किंबहुना जमिनीला जास्त लागते म्हणून जास्तच. आणि दोरी सारखी संपते म्हणून तिच्या जागी तार अडकवणारे महाभाग असतात. तार वाकत नाही, तुटते, आणि तुटलेला तुकडा कुठे जाईल ते कुणी सांगू शकत नाही. साखळीच्या कड्यांची कापणीची जोडणी युरोपातही विकली जात होती. ब्रिटनमध्ये एक कडी सुटून माणूस गेला, आणि 2012 च्या जानेवारीत युरोपीय आयोगाने हातात धरायच्या यंत्रांसाठी असल्या जोडण्यांची विक्री सगळ्या सदस्य देशांत थांबवायला लावली. आपल्याकडे असं काही ‘मजबूत आहे, टिकतं’ म्हणून कुणी विकायला आणलं, तर टिकाऊपणा हाच त्याचा दोष आहे हे ध्यानात ठेवावं. इथे जे झिजून जातं तेच सुरक्षित.

एवढं सगळं आधी पाहूनही काही राहतंच. मातीत अर्धा पुरलेला खडा, गवताच्या झुपक्यात अडकलेली तार. जे कळलेलं नाही त्याच्यासाठी अंतर. पुस्तिकांमध्ये इतरांसाठी 15 मीटर दिलेले असतात. हापूसची कलमं 10 बाय 10 मीटरवर लावलेली असतील तर दीड कलम होतं; दोन कलमं धरावीत, म्हणजे मोजायची कटकट नको. या वर्तुळात कुणीही येता कामा नये, आणि दोन कटर एकाच बागेत चालले असतील तर त्यांच्यातही तेवढंच अंतर हवं. खांद्याला खांदा लावून एका ओळीत तिघे-चौघे पुढे सरकताना दिसतात, जुन्या विळ्यांच्या ओळीसारखेच. ती ओळ विळ्यांना शोभत होती. कटरच्या ओळीत डावीकडच्या माणसावर उजवीकडच्याचे खडे जात असतात.

अंतर मोडतं ते बहुधा चांगल्या हेतूने. पोर चहा घेऊन येतं. म्हातारी ‘तिकडचं पण काढ रे’ सांगायला येते. चालवणाऱ्याला हाक ऐकू येत नाही, म्हणून माणूस जवळ येतो, मागून येतो, आणि खांद्यावर हात ठेवतो. दचकून तो वळतो, आणि दीड मीटर दांड्याच्या टोकाचं पातं त्याच्याबरोबर वळतं. म्हणून घरातल्यांना आधी सांगून ठेवायचं: बोलवायचं असेल तर समोरून, दोन कलमांच्या पलीकडून, फडकं हलवून. त्याने पाहिलं, पातं थांबलं, मगच पुढे. आणि चालवणाऱ्यानेही दर थोड्या वेळाने थांबून चारी बाजूंना बघायचं, कारण त्याच्यापर्यंत कोणतीच खबर आपणहून येणार नाही.

चालवणाऱ्याला स्वतःला तर अंतर मिळतच नाही, तो वर्तुळाच्या मध्यात असतो. त्याच्यासाठी कपडे हेच अंतर. इथे फार लांबण लावण्यात अर्थ नाही. जाळीचा मुखवटा आणि त्याच्या आतून चष्मा, दोन्ही; कारण जाळी काटकी अडवते, बारीक कण अडवत नाही. जाड पँट, गमबूट, नडगीला गार्ड, हातमोजे. गळ्यात टॉवेल नको, लुंगी नको. पेट्रोल संपलं की पट्टा काढून सावलीत बसावं आणि इंजिन थंड झाल्यावरच भरावं. गरम सायलेन्सरवर पेट्रोल सांडण्याचा धोका टळतो, आणि हातांना थरथरीपासून सुटका मिळते. घाई असलेला माणूस या दहा मिनिटांना वाया गेलेली म्हणतो.

या सगळ्यात एक माणूस मात्र नेहमी हिशोबातून सुटतो, आणि तो म्हणजे जमिनीचा मालक. विळ्याच्या काळात मजूर नवखा असला तरी चालायचं. जमीन त्याला हाताखाली हळूहळू कळत जायची. कटरवाला पलीकडच्या वाडीतून येतो, परडं त्याने कधी पाहिलेलं नसतं, आणि यंत्र त्याला काही कळू देत नाही. तिथे काय पुरलंय ते ज्याला माहीत आहे तो बहुतेक मुंबईत असतो. गणपतीला घरी यायचं असतं, म्हणून भाद्रपद लागायच्या आधी फोन जातो: ‘दादा, चतुर्थीच्या आत परडं साफ करून घे.’ त्याच फोनवर पुढचंही सांगता येतं. विहिरीच्या मागे जुन्या वईची तार होती, ती पुरती काढलेली नाही. माडाच्या पलीकडे कौलांचे तुकडे टाकलेत. पंपाचा पाइप न्हाणीघरापासून सरळ गेलाय, मातीच्या वर आहे. शेजाऱ्यांची खिडकी पूर्वेला येते. त्या कडेला काम करताना ती उजव्या हाताला राहील असं चालायला सांग त्याला, डाव्या नको. आणि तो आला की पोरांना घरात घे.